कठड्याची जाडी

मराठी समीक्षेत ‘लेखकाने बारकावे टिपले आहेत’ हे वाक्य इतक्या वेळा लिहिले गेले आहे की आता त्याचा अर्थ ‘पुस्तक आम्हांला आवडले’ एवढाच उरला आहे. कोणते बारकावे, कशावरून टिपले, ते खरे आहेत की केवळ खऱ्यासारखे वाटतात, हे प्रश्न त्या वाक्यापाशी कोणी विचारीत नाही. आम्हीही बरीच वर्षे ते वर्गात फळ्यावर लिहीत आलो. लिहिताना हात अडखळू लागला तो एका अगदी असाहित्यिक उद्योगामुळे : जुन्या पोलादी युद्धनौकांच्या लहान प्रतिकृती जोडण्याच्या छंदामुळे. या छंदाला पोरखेळ म्हणणाऱ्यांशी आम्ही भांडणार नाही. आमच्या घरातच त्याविषयी दोन मते आहेत. परंतु तपशिलाची जबाबदारी म्हणजे काय, हे आम्हांला कादंबऱ्यांपेक्षा या पोरखेळाने अधिक नीट शिकवले, असे आमचे मत आहे आणि ते साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे व अध्यापकांपुढे मांडावेसे वाटते.

जानेफळात बसून युद्धनौका कसल्या बांधता, हा पहिला आक्षेप ठरलेला. मेहकर तालुक्यातले हे गाव. समुद्र येथून सुमारे चारशे किलोमीटर दूर, आणि नदी म्हणावी तर मेहकरची पैनगंगा, तीही उन्हाळ्यात दगड दाखवते. आक्षेप घेणारे मित्र देशीवादाचा आधार घेतात तेव्हा तो अधिक भारदस्त होतो. आपल्या मातीत लहान प्रतिकृतींची परंपरा नाही काय, असे ते विचारतात. आहे; आणि तिच्याकडे पाहताना आम्हांला आमचाच मुद्दा सापडला. पोळ्याला ज्यांच्या घरी बैल नसतो ते मातीचे बैल पुजतात. त्या बैलाला वशिंड असते, दोन शिंगे असतात, आणि पाय म्हणजे चार खुंट्या. खूर नाहीत, वेसण नाही, डोळे असले तर ज्वारीच्या दाण्याएवढे. तरी पाहणाऱ्याला तो बैल असल्याविषयी क्षणभरही शंका येत नाही. दिवाळीतल्या किल्ल्याचेही तसेच. महादरवाजापेक्षा त्याचा पहारेकरी उंच असतो, अळीव पेरून उगवलेल्या रानात हत्तीएवढा वाघ बसलेला असतो, आणि कोणाचे काही बिघडत नाही.

कारण उघड आहे. मूळ वस्तू पाहणाऱ्याच्या मनात आधीच पुरती उभी असते. प्रतिकृतीने केवळ खूण करायची, उरलेले तो भरून घेतो. ज्याने बैल जन्मात पाहिला नाही त्याला वशिंड आणि शिंगे पुरणार नाहीत. त्याला खूरही दाखवावे लागतील, वेसणही, आणि वेसण नाकातूनच का जाते तेही. म्हणजे समुद्रापासून जितके दूर जावे तितका युद्धनौकेवरचा तपशील वाढायला हवा, कमी व्हायला नको. (जाता जाता : ग्रामीण कादंबरीत औताच्या प्रत्येक भागाचे नाव समजावून सांगणारा लेखक कोणासाठी लिहितो आहे, हे त्या तपशिलावरूनच कळते. गावकऱ्यासाठी लिहिणारा नुसते ‘औत’ म्हणून पुढे गेला असता.)

आता प्रत्यक्ष काम काय असते ते सांगतो. बाजारात युद्धनौकांची प्लास्टिकची किट मिळतात. त्यांत १:७०० आणि १:३५० ही दोन मापे विशेष रूढ आहेत. जपानच्या हासेगावा कंपनीची ‘मिकासा’, रशियाच्या झ्वेझदा कंपनीच्या ‘बोरोदिनो’ आणि ‘ओरिओल’ ही १:३५० मापातली मोठी किट. ‘मिकासा’ प्रत्यक्षात १३१.७ मीटर लांब आहे; या मापात ती साडेसदतीस सेंटिमीटरांहून किंचित अधिक भरते. साचा घातलेल्या प्लास्टिकला मात्र एक मर्यादा असते : फार बारीक भाग त्यातून निघत नाहीत. कठडे, शिड्या, डोलकाठीवरची आडवी दांडकी, होड्या उतरवण्याचे वाकडे खांब, नांगराचे साखळदंड असे सगळे किटमध्ये एक तर जाडजूड असते, नाही तर गाळलेले. म्हणून हौशी लोक निराळे तपशील-भाग विकत घेतात. तोफांच्या नळ्या लेथवर कातलेल्या पितळेच्या, आणि कठडे-शिड्या कोरलेल्या पितळी पत्र्याच्या. हा पत्रा कोरण्याची रीत साहित्याच्या माणसाला परकी वाटू नये. पत्र्यावर प्रकाशाला संवेदनशील असा लेप द्यायचा, त्यावर रेखाचित्राची छाया पाडायची, आणि उघडा राहिलेला भाग रसायनाने खाऊ द्यायचा. आपल्या जुन्या नियतकालिकांतली रेखाचित्रे ज्या जस्ताच्या ठोकळ्यांवरून छापली जात ते ठोकळे याच तत्त्वावर बनत. तेथे धातूवर शाई फासत. येथे धातूच सोडवून घ्यायचा, चिमट्याने वाकवायचा आणि सुपरग्लूच्या थेंबाने चिकटवायचा. या गोंदाला पकडायला हवेतला ओलावा लागतो. आमच्याकडच्या वैशाखात तो धरता धरत नाही, आणि श्रावणात बोटाला आधी धरतो.

या छंदातल्या जाणत्यांचे मन १९०६च्या ‘ड्रेडनॉट’नंतरच्या सुबक, एकजीव नौकांपेक्षा त्याआधीच्या तीस-चाळीस वर्षांतल्या नौकांवर अधिक जडलेले दिसते, आणि ते आम्हांला रास्त वाटते. फ्रान्सची ‘रदूताब्ल’ १८७६मध्ये पाण्यात उतरली. बांधणीत पोलाद हाच मुख्य धातू असलेली ती पहिली मोठी युद्धनौका. तेथून पुढची नौका म्हणजे अर्धवट उलगडलेला विचार असतो. शिडे गेलेली असतात, पण डोलकाठ्या राहतात. त्यांच्यावर आता बंदूकधाऱ्यांचे माचे बसतात. नौसेनापतीच्या खोलीमागे लाकडी वाड्याला शोभेल असा सज्जा असतो, आणि त्याच्याच खाली प्रोपेलर. पाणतीर अडवण्यासाठी भोवती लोखंडी जाळे सोडायचे आणि त्याचे दांडे कुशीवर दुमडून ठेवायचे. नाळीखाली पाण्यात पुढे आलेली धडक मारायची चोच तर पाहण्यासारखी. १८६६च्या लिस्साच्या लढाईत ऑस्ट्रियाच्या एका जहाजाने इटलीचे जहाज धडक देऊन बुडवले, एवढ्या एका प्रसंगावर पुढे कित्येक दशके प्रत्येक देशाने आपल्या नौकांना चोची बसवल्या. त्या चोचींनी शत्रूचे फारसे नुकसान झाले नाही. पण १८९३मध्ये भूमध्य समुद्रात सरावाच्या वेळी ‘कॅम्परडाउन’ची चोच स्वतःच्याच आरमाराच्या ‘व्हिक्टोरिया’त घुसली आणि ३५८ माणसे बुडाली. उपयोग संपल्यावरही टिकून राहिलेले संकेत आपल्या काव्यातही आहेत. सुदैवाने त्यांनी कोणी मरत नाही.

किट उघडल्यावर पहिला प्रश्न येतो तो रंगाचा नसतो, तारखेचा असतो : कोणत्या दिवसाची नौका? ‘मिकासा’ १९०२मध्ये बांधून पूर्ण झाली. २७ मे १९०५ रोजी त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत ती जपानी आरमाराच्या अग्रभागी होती. त्याच वर्षी सप्टेंबरात सासेबो बंदरात दारूगोळ्याचा स्फोट होऊन ती नांगरावरच बुडाली. पुढच्या वर्षी वर काढली गेली, आणि १९०८मध्ये नव्या तोफा घेऊन पुन्हा सेवेत आली. १९०२ची ‘मिकासा’, त्सुशिमाची ‘मिकासा’ आणि १९०८ची ‘मिकासा’ या तीन वेगळ्या नौका आहेत. एकीची तोफ आणि दुसरीचा माचा घेऊन केलेली प्रतिकृती कितीही देखणी असली तरी ती समुद्रावर कधीच नव्हती. छायाचित्रांवरून हे ठरवावे तर त्यांतही खोच असते. त्या काळच्या छायापट्ट्यांना निळा रंग फार जाणवे आणि तांबडा जवळजवळ जाणवतच नसे. त्यामुळे चित्रात काळे दिसणारे लाल असू शकते आणि पांढरे दिसणारे निळे.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्याला हा प्रश्न कसा ओळखीचा वाटतो पाहा. ज्ञानेश्वरीच्या कोणत्या प्रतीला आपण ज्ञानेश्वरी म्हणतो? एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४मध्ये पैठणला पाठ शुद्ध केला, आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. राजवाड्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रतीचे रूप निराळे. दोन्हींतले आपल्या कानाला गोड लागेल ते निवडून तिसराच पाठ सिद्ध करणाऱ्याला आपण रसिक म्हणू. संपादक म्हणणार नाही. हौशी जहाजबांधणीत हा भेद पक्का पाळला जातो, आणि आमच्या अनुभवाप्रमाणे साहित्याच्या अभ्यासात तो अलीकडे सैल झाला आहे. विद्यार्थी शोधनिबंधात कादंबरीचा उतारा देतो, पण आवृत्ती कोणती हे सांगत नाही. आणि मार्गदर्शकही विचारीत नाही. लेखकाने दुसऱ्या आवृत्तीत प्रकरणच बदलले असेल तर विद्यार्थ्याने १९०२च्या नौकेवर १९०८ची तोफ बसवलेली असते.

कोणी म्हणेल, योकोसुकाला मूळ ‘मिकासा’ आजही उभी आहे, तिच्याकडे पाहून सगळे ठरवा. तेथेच खरी गंमत आहे. ती नौका स्मारक म्हणून काँक्रीटमध्ये बसवण्यात आली होती. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर तिच्या तोफा आणि वरचे बांधकाम काढून टाकण्यात आले. डेकवर मत्स्यालय आणि नृत्यगृह निघाले. पुढे तिची पुनर्बांधणी होऊन २७ मे १९६१ रोजी ती पुन्हा खुली झाली, तेव्हा जपानात भंगारासाठी आलेल्या चिलीच्या ‘आल्मिरांते लातोरे’ या युद्धनौकेचे काही भाग तिच्यावर बसवले होते, आणि तोफा तर नव्याने बनवलेल्या प्रतिकृतीच होत्या. म्हणजे योकोसुकाला आहे तीही १:१ मापातली एक प्रतिकृतीच, तपशील-भाग बाहेरून आणून पूर्ण केलेली. हे कळल्यावर आम्ही काही काळ खट्टू झालो होतो. मग लक्षात आले की हाती आलेल्या बहुतेक जुन्या ग्रंथांची हीच अवस्था आहे, आणि त्यामुळे त्यांचा अभ्यास कोणी सोडलेला नाही.

आता या लेखाच्या शीर्षकातला कठडा. प्रत्यक्ष नौकेवर कठड्याचे खुंट साधारण तीन सेंटिमीटर जाड धरू. १:३५० मापात त्यांची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते. पितळी पत्रा तितका पातळ केला तर तो हातात घेताच चुरगळतो. म्हणून तो दीडपट-दुप्पट जाड ठेवतात. म्हणजे कठडा दाखवणारा प्रत्येक तपशील-भाग जाडीविषयी खोटे बोलतो. पुष्कळ जाणते लोक तर १:७०० मापात कठडे लावूच नयेत अशा मताचे आहेत. त्या अंतरावरून पाहिल्यास खरे कठडे दिसलेच नसते, असे ते म्हणतात. आम्ही या पक्षात नाही. कठडा होता, खलाशी त्याला धरून चालत होते, तो गाळला तर डेकवर माणूस उभा राहू शकतो हेच पाहणाऱ्याला पटत नाही. थोडी अधिक जाडी ही त्या अस्तित्वासाठी दिलेली किंमत आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधली वऱ्हाडी आठवावी. बोलीचा उच्चार देवनागरीत उतरवताना तो बोलण्यापेक्षा थोडा ठसठशीत होतोच. अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, गाळलेली अक्षरे ही सगळी पत्र्याची जाडी आहे. ती प्रमाणाबाहेर गेली की नाटकातला गावंढळ नोकर बोलू लागतो. कोठे थांबावे हे हाताला कळावे लागते.

रोलाँ बार्त याने १९६८च्या एका प्रसिद्ध निबंधात फ्लोबेरच्या कथेतल्या पियानोवरच्या वायुभारमापकाविषयी लिहिले आहे : कथानकाला त्याचा उपयोग नाही, तो कशाचे प्रतीक नाही, ‘हे वास्तव आहे’ एवढेच तो म्हणत राहतो. आपल्या वर्गांतून हा विचार बऱ्याच काळापासून फिरतो आहे आणि आम्हीही तो शिकवला आहे. पण तो शिकवून झाल्यावर विद्यार्थ्याच्या मनात असा ग्रह उरतो की तपशील म्हणजे वास्तवाचा आभास निर्माण करण्याची एक युक्ती, आणि कोणताही तपशील त्या कामाला चालेल. जहाजाच्या डेकवर हे चालत नाही. तेथे वायुवीजनाचे भोंगे सहा की आठ, हा प्रश्न आभासाचा नसतो. आठ काढले आणि सहा असले तर चूक झालेली असते, आणि कोणी तरी ती दाखवून देऊ शकतो. दाखवून देता येईल अशी चूक करण्याची तयारी, हा तपशिलाचा आम्हांला महत्त्वाचा वाटणारा गुण आहे. लेव्ही-स्ट्रॉसने १९६२च्या ग्रंथात लघुप्रतिकृतीविषयी म्हटले होते की तीत अवयवांच्या आधी संपूर्णाचे ज्ञान होते. ते पाहणाऱ्याच्या बाजूने खरे असेल. जोडणाऱ्यापुढे मात्र आधी पितळेच्या चौकटीत अडकलेले तीनशे तुकडे असतात, आणि संपूर्ण काय ते त्याला शेवटीही पुरते कळलेले नसते.

तपशील आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने येतो, हेही एकदा पाहावे. त्सुशिमाला ‘बोरोदिनो’ वर्गाच्या चार रशियन नौका होत्या. तीन बुडाल्या. ‘बोरोदिनो’वरचा एकच खलाशी वाचला, ‘अलेक्झांडर तिसरा’वरचा एकही नाही. त्या नौकांवर अखेरच्या तासांत काय कोठे होते हे सांगणारे कोणी उरले नाही. चौथी ‘ओरिओल’ दुसऱ्या दिवशी शरण गेली, आणि जपान्यांनी तिच्या कुशीतल्या भगदाडांची छायाचित्रे घेतली. म्हणून आज या चौघींपैकी सर्वांत बारकाईने बांधता येते ती शरण गेलेली नौका. याच ‘ओरिओल’वर एक खलाशी होता, नोविकोव्ह-प्रिबोय. कैदेत असताना त्याने इतर नौकांवरच्या सोबत्यांना विचारून विचारून हकिगती गोळा केल्या, आणि १९३०च्या दशकात त्यांतून ‘त्सुशिमा’ ही कादंबरी आली. त्सुशिमाच्या विजयाचे पडसाद तेव्हा मराठी वृत्तपत्रांतही उमटले होते. आशियाई राष्ट्राने युरोपीय सत्तेला हरवले याचा आनंद मोठा होता. हरलेल्यांच्या जहाजावर कोळसा कोण टाकत होते, हे मात्र त्या कादंबरीनेच सांगितले.

येथे आमची एक चूक सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी परिसरातल्या एका संस्थेच्या स्मरणिकेसाठी आम्ही एका पडलेल्या वाड्यावर लेख लिहिला. वाडा आम्ही पाहिला तेव्हा जोते आणि एक भिंत उरली होती. लेखात आम्ही सागवानी जिना घातला. त्याच्या कठड्यावर पोपट कोरलेले होते, असेही लिहिले. हे पोपट कोठून आले, आज सांगता येत नाही. दुसऱ्या कोणत्या तरी वाड्यातून उडून आले असावेत. लेखाचे कौतुक झाले. ‘बारकावे टिपले आहेत’ असे एका सहकाऱ्याने पत्रात लिहिले. नंतर त्या घरात बालपण गेलेल्या एक आजी भेटल्या. नातवाने त्यांना लेख वाचून दाखवला होता. त्या रागावल्या नाहीत, नुसत्या हसल्या. ‘‘जिना कुठून आणला बाप्पा सर तुम्ही? शिडी होती तिथं. आमची माय तिच्यावरूनच पडली.’’ आम्ही बसवलेल्या जिन्याखाली त्यांच्या आईचे पडणे झाकले गेले होते. स्मरणिका छापून वाटून झाली होती, आणि पुढे दुसऱ्या एका लेखात आमच्या लेखाच्या आधारे तो जिना पुन्हा आला. कदाचित अजूनही कोठे येत असेल.

तेव्हापासून किटांतल्या परदेशी नौकांत मन रमेना. आपल्या बंदरातली एखादी लोखंडी नौका, किट नसलेली, स्वतः पुरावा जमवून बांधावी असे वाटू लागले. अशा नौका होत्या. मुंबई बंदराच्या संरक्षणासाठी बांधलेल्या ‘मॅग्डाला’ आणि ‘ॲबिसिनिया’ या दोन लोखंडी चिलखती नौका १८७०मध्ये लंडनला टेम्स नदीत उतरल्या. त्या घडीव लोखंडाच्या. पोलादाचे दिवस अजून यायचे होते. पण पुढच्या पोलादी युद्धनौकांचा आराखडा त्यांच्यात दिसतो : मधोमध चिलखती बांधकाम, पुढे एक आणि मागे एक फिरता तोफबुरूज, प्रत्येकात दोन तोफा, आणि शिडांना कायमची रजा. डेक पाण्यापासून इतका कमी उंच की लाट सहज वर यावी. त्यांनी मुंबईत तीस वर्षांहून अधिक काळ काढला, एकही लढाई केली नाही, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी भंगारात गेल्या.

‘मॅग्डाला’ची लांबी २२५ फूट, १:२०० मापात ती सव्वाचौतीस सेंटिमीटरांच्या आसपास येते. सागाच्या तुकड्यातून कूस कोरली, पत्र्याचे बुरूज केले, आणि तारखेचा प्रश्न पुन्हा पुढे उभा राहिला. मुंबईपर्यंतच्या प्रवासासाठी तिला तात्पुरत्या तीन डोलकाठ्या आणि शिडे दिली होती. मुंबईला आल्यावर ती उतरवली. १८९०च्या दशकात तोफा बदलल्या. आम्ही मुंबईत नांगरलेली, जुन्या तोफांची नौका निवडली. बारीक बांधणीसाठी तिच्या बहिणीकडे पाहावे लागते : त्याच आराखड्यावरची ‘सर्बेरस’ मेलबर्नजवळ हाफ मून बे येथे १९२६मध्ये लाटा अडवण्यासाठी बुडवून ठेवली गेली. १९९३मध्ये तिचा सांगाडा खचला, तरी बुरूज अजून पाण्याबाहेर दिसतात. बहीण-प्रतीवरून हरवलेला पाठ भरून काढण्यासारखेच हे काम, आणि धोकाही तोच. बहिणी सारख्या असतात, एक नसतात. ‘सर्बेरस’वरून घेतलेला प्रत्येक भाग आम्ही रंगवलेला नाही. तो पितळेचा पिवळाच ठेवला आहे, संपादक पदरचे अक्षर चौकटी कंसात ठेवतो तसा. पाहुण्यांना वाटते, रंग संपला.

मागच्या बाजूला लावायचे नाव ही सगळ्यांत लहान पट्टी. तिने आम्हांला सर्वांत अधिक थांबवले. मॅग्डाला हा इथिओपियाच्या सम्राट तेवोद्रोस दुसरा याचा डोंगरी किल्ला. १८६८मध्ये रॉबर्ट नेपियरच्या नेतृत्वाखाली मुंबईहून निघालेल्या फौजेने तो घेतला. या मोहिमेत बॉम्बे आर्मीच्या हिंदी पलटणी होत्या आणि हिंदुस्थानातून जहाजांनी नेलेले हत्तीही होते. किल्ला पडताना १३ एप्रिल रोजी सम्राटाने आत्महत्या केली. नंतर लूट झाली. लुटीत चर्चचा ग्रंथसंग्रह होता. त्यातली सुमारे ३५० हस्तलिखिते ब्रिटिश म्युझियममध्ये गेली, आणि ती परत मिळावीत ही मागणी इथिओपियातून होत आलेली आहे. त्या विजयाचे नाव दोन वर्षांनी आपल्या बंदराच्या राखणदाराला दिले गेले. हस्तलिखितांच्या पाठांवरून नौका शिकायला निघालेल्या आम्हांला हे ठाऊक नव्हते. काही मित्रांनी सुचवले, नावाची पट्टी लावू नका. ते आम्हांला पटले नाही. नौकेवर नाव होते. ते गाळणे म्हणजे पुन्हा शिडीच्या जागी जिना. अडीच मिलिमीटर उंचीची रोमन अक्षरे मागे लावली आहेत, आणि त्यांना भिंग लागते.

राहता राहिला डेक. तो रिकामा ठेवणे सोपे आणि चुकीचे आहे. मुंबईच्या सरकारी नौकांवर रत्नागिरी जिल्ह्यातले खलाशी मोठ्या संख्येने असत. जहाजांच्या चित्रांत मात्र टोपी घातलेला अधिकारी दिसतो, आणि आम्ही चाळलेल्या पितळी माणसांच्या संचांतही ब्रिटिश किंवा जपानी गणवेशच. एखाद्याला मुंडासे कोरून, लुंगी नेसवून, दाढी लावून ‘कोकणी खलाशी’ करता आला असता. पाहणाऱ्याने ते मान्यही केले असते. पोपट केले होते तसे हेही हाताला सहज जमले असते. त्याऐवजी पोळ्याच्या बैलांतून उरलेली माती घेतली आणि आठ-आठ मिलिमीटरांची अकरा माणसे वळली : डोके, धड, दोन पाय, बाकी काही नाही. तीन वाळताना तडकली. उरलेली आठ बुरुजाच्या सावलीला, कठड्याशी उभी आहेत.